घरच्या दोन-चार एकरात वाईनची द्राक्षं लावायची असतील तर: करारापासून वायनरीच्या काट्यापर्यंत

नाशिक, सांगली, नारायणगाव इकडं द्राक्षबाग म्हटलं की डोळ्यापुढं येते ती खायची द्राक्षं, थॉमसन, सोनाका, नाहीतर काळी जंबो. वाईनची बाग रस्त्यावरनं बघितली तर तशीच वाटते, तेच लोखंडी अँगल, त्याच तारा, तेच ठिबक, पण आतला हिशोब सगळा उलटा आहे. खायच्या द्राक्षाला मणी मोठा पाहिजे, साल पातळ पाहिजे, बी नको आणि एकरी दहा-बारा टन माल पाहिजे. वाईनला मणी बारीक पाहिजे, साल जाड पाहिजे, बी असतंच, आणि एकरी चार-पाच टनाच्या वर गेलात तर वायनरीवाला नाक मुरडतो, कारण रेड वाईनचा रंग आणि तुरटपणा येतो सालीतनं, आणि मणी जेवढा फुगेल तेवढं सालीच्या मानाने पाणी जास्त. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ज्या घरात वीस-तीस वर्षं द्राक्षं आहेत त्यांना वाईनची बाग जास्त जड जाते. छाटणी, औषधं, कलम सगळं येत असतं पण हात सवयीने पाणी सोडतो, सवयीने डिप (मणी फुगवायला घड औषधात बुडवणं) आणि खत शोधतो, आणि घड काढून टाकायची वेळ आली की जीव होत नाही. खालचं सगळं वाचताना ही एकच गोष्ट डोक्यात ठेवा, कमी करायचंय, वाढवायचं नाहीये.

आधी करार, मग खड्डा

२००१ मध्ये महाराष्ट्र सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं, नाशिककडं विंचूर आणि सांगलीकडं पलूसला वाईन पार्क झाले, भराभर वायनऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागोमाग शेतकऱ्यांनी शिराझ, कॅबरने लावल्या. २००८-०९ च्या मंदीत वाईनचा खप बसला, माल पडून राहिला, पैसे अडकले आणि लोकांनी चांगल्या वाढलेल्या बागा कुऱ्हाड लावून काढल्या. हे आमच्या भागात सगळ्यांनी बघितलंय, आणि यातनं घ्यायचा मुद्दा साधा आहे. थॉमसन व्यापाऱ्याने नाही घेतला तर मार्केटला जातो, तिथं नाही गेला तर बेदाणा होतो. शिराझ वायनरीने नाही घेतला तर कुठंच जात नाही, बारीक बियांचा मणी मंडईत कोण घेणार, आणि बियांमुळे बेदाण्यालाही कोणी घेत नाही. एकच गिऱ्हाईक असलेलं पीक आहे हे, त्यामुळे त्या गिऱ्हाइकाशी लेखी बोलल्याशिवाय रोपं बुक करू नका.

करारात काय बघायचं? मुदत किती वर्षांची, कारण बाग पंधरा-वीस वर्षं उभी राहणार आणि करार दोन वर्षांचा असेल तर तो तुमच्या काय कामाचा. भाव किलोवर आहे का ब्रिक्सवर (रसातली साखर मोजायचं माप), म्हणजे साखर ठरल्यापेक्षा कमी भरली तर किती कापणार आणि कुठल्या आकड्याच्या खाली माल परत पाठवणार. एकरी जास्तीत जास्त किती टन घेणार, आणि वरच्या मालाचं काय. काढणीची तारीख कोण ठरवणार (बहुतेक ठिकाणी वायनरीच ठरवते, टाक्या मोकळ्या असतील तशी) आणि त्यांनी तारीख पुढं ढकलल्यामुळे माल सुकला, वजन घटलं किंवा पाऊस पडला तर नुकसान कोणाचं, हे कलम बहुतेक करारात नसतंच, ते भांडून घालून घ्या. क्रेट कोणाचे, गाडीभाडं कोणाचं, पैसे किती हप्त्यात आणि किती दिवसात. आणि त्या वायनरीला माल घालणाऱ्या चार शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन बसा, मागच्या तीन वर्षांचे पैसे कधी आले एवढंच विचारा, ऑफिसातल्या चहापेक्षा ती माहिती कितीतरी पक्की असते.

घरातल्या घरात ठरवायच्या गोष्टी

सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते आधी बघा. वडील, काका, आत्या सगळ्यांची नावं असतील आणि वाटणी तोंडी झालेली असेल तर पंधरा वर्षांचं पीक आणि एकरी लाखोंचं लोखंड त्या जमिनीत घालण्याआधी सगळ्यांना बसवून लेखी करा. काकांना नंतर वाटायला नको की पुतण्याने जमीन अडकवली. करार कोणाच्या नावावर, वायनरीचे पैसे कुठल्या खात्यात, ई-पीक पाहणीत नोंद कोण करणार, फळपीक विम्याची तारीख कोण लक्षात ठेवणार, ही कामं माणसागणिक वाटून टाका. ई-पीक पाहणी राहिली तर विम्याला आणि नुकसानभरपाईला अडचण येते आणि मग घरात एकमेकांवर ढकलाढकली चालू होते.

दुसरं, एक वही. छाटणीची तारीख, फवारणीत काय मारलं, किती मारलं, कुठल्या ओळीत, पाऊस किती झाला, हे रोजच्या रोज लिहायचं. आमच्याकडं हे काम आईकडं आहे आणि ती लिहिते म्हणूनच होतं, पुरुष मंडळी रात्री "उद्या लिहितो" म्हणतात. वायनरी औषधांच्या अंशाची तपासणी करते तेव्हा हीच वही पुढं करावी लागते, आणि पुढच्या वर्षी छाटणी कधी घ्यायची हे पण हीच वही सांगते.

बागेचं खातं घरखर्चापासून वेगळं ठेवा, आणि लावल्यापासून पहिलं हातात येणारं पीक यायला दोन वर्षं जातात हे घरच्या सगळ्यांना आधीच सांगा. सगळी जमीन एकदम वाईनला देऊ नका, सुरुवातीला एक-दोन एकर बास.

जमीन, पाणी, खुंट, जात

भारी काळी जमीन वाईनला नको. पाणी धरून ठेवते, वेल माजतो, सगळी ताकद पानात जाते. मुरमाड, निचऱ्याची, थोडी उताराची, जिथं बाकीची पिकं जेमतेम येतात अशी जमीन वाईनला चांगली. माती आणि पाण्याची तपासणी लावायच्या आधीच करा, माती एक फूट आणि दोन फूट अशा दोन थरांची वेगवेगळी द्या. चुनखडी जास्त निघाली तर पानं पिवळी पडायची कटकट कायमची आहे, आणि पाण्याची ईसी (खारटपणाचं माप) एकच्या वर असेल तर खुंट (मुळाचं झाड, ज्याच्यावर वाईनच्या जातीचं कलम भरतात) निवडताना तज्ज्ञाला विचारूनच निवडा. मांजरीला पुण्याजवळ राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७ पासनं, तिथं वाईनच्या जातींवर आणि खुंटांवर बरंच काम झालंय, एकदा गाडी काढून जाऊन या.

खुंटाचं म्हणाल तर आपल्याकडं डॉगरीज सगळीकडं आहे, कणखर आहे, खारं पाणी आणि दुष्काळ काढतो, पण जोर फार. वाईनसाठी जोर कमी असलेला ११० आर बरेच जण पसंत करतात आणि मला ते पटतं, फक्त हलकी जमीन असेल आणि उन्हाळ्यात पाण्याची खात्री नसेल तर डॉगरीजचा विचार सोडू नका.

जात तुम्ही नाही, वायनरी ठरवते. व्हाइटमध्ये शेनिन ब्लांक आणि सोव्हिनिऑं ब्लांक, रेडमध्ये शिराझ आणि कॅबरने सोव्हिनिऑं, या चार जाती सगळ्यात जास्त चालतात, मग झिनफँडेल, मर्लो, टेम्प्रानिलो वगैरे. शेनिन माल भरपूर देते पण घड घट्ट असतो, आत पाणी गेलं की कुजतो. शिराझ आपल्या हवेत सगळ्यात समजूतदार वागते असा आमच्या भागाचा अनुभव. कॅबरने उशिरा येते, मार्चच्या उन्हात सापडते आणि टनेजही कमी, तेव्हा तिला भाव जास्त मिळाला पाहिजे, सारख्या भावात कॅबरने लावू नका. कलमाची काडी मात्र ओळखीच्या, निरोगी, व्हायरस नसलेल्या बागेतलीच घ्या. लीफरोल नावाचा व्हायरस काडीबरोबर येतो, पानं कडेनं वळतात, आणि मग कितीही खटपट केली तरी रंग आणि साखर भरत नाही.

लागवड आणि पहिली दोन वर्षं

ओळी दक्षिणोत्तर घ्या. अंतर ८ बाय ४ फूट धरलं तर एका झाडाला ३२ चौरस फूट, म्हणजे एकरी १३६१ झाडं, बांध आणि ट्रॅक्टर वळायची जागा सोडून तेराशे धरा. मांडव नको, उभी वाढ घ्यायची, म्हणजे जमिनीपासून साधारण अडीच-तीन फुटांवर ओलांड्याची, म्हणजे खोडाच्या कायमच्या आडव्या फांदीची तार आणि तिच्या वर काड्या उभ्या धरायला तारांच्या जोड्या. यात घड सगळे एका रेषेत येतात, हवा खेळते, औषध बसतं आणि काढणी पटापट होते. टोकाचे अँगल आणि त्यांचे ताण यात पैसे वाचवू नका, तिसऱ्या वर्षी माल आणि वारा दोन्ही एकदम आले की अख्खी ओळ झोपते.

खुंट जानेवारी ते मार्चमध्ये लावायचा, पावसाळ्यात तो काडी पेन्सिलीएवढी करतो, मग ऑगस्टच्या शेवटी ते सप्टेंबरात कलम भरायचं, पाचर कलम. कलम भरणारी टोळी चांगली असली तर नव्वदच्या पुढं टक्के फुटतात, पण टोळीला तारीख आधी सांगून ठेवा कारण त्या महिन्यात सगळ्यांनाच ती पाहिजे असते. मग पुढच्या जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत, थंडी ओसरली की रिकट, म्हणजे कलमाची फूट परत बुडाशी छाटायची. रिकटनंतर येणारी एकच जोरदार फूट सुतळीने बांबूला बांधत सरळ वर न्यायची, तेच खोड, तारेपर्यंत पोचली की शेंडा मारून दोन बाजूंना दोन ओलांडे. इथं घाई करणारे फार. एका दमात अख्खा ओलांडा केला की मधल्या डोळ्यांवर (फूट निघायच्या जागी) काड्या येत नाहीत आणि तो रिकामा भाग बागेच्या शेवटापर्यंत तसाच राहतो. टप्प्याटप्प्याने घ्या, सात-आठ पानं झाली की थांबवा, काड्या बसवा, मग पुढं न्या.

पहिल्या ऑक्टोबर छाटणीनंतर माल दिसेल. अर्ध्यापेक्षा जास्त काढून टाका. खोड अजून अंगठ्याएवढं नाही आणि त्याच्यावर तीन किलो माल धरला तर पुढची दोन वर्षं झाड उठत नाही.

एप्रिल छाटणी

आपल्याकडं वेल थंडीत झोपत नाही, म्हणून दोन छाटण्या घेऊन एक पीक, एप्रिलची काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची माल धरायला, हे आपलं खास गणित. परदेशातलं वाईनच्या बागेचं पुस्तक किंवा व्हिडिओ बघून कोणी इकडं छाटणी करायला लागला तर त्याचं अवघड आहे.

काढणीनंतर बागेला तीन-चार आठवडे विश्रांती द्या, थोडं खत, थोडं पाणी, मग एप्रिलमध्ये खरड छाटणी, ओलांड्यावर एकेक डोळा ठेवून. फुटी आल्या, पाच-सहा पानांच्या झाल्या की विरळणी, ओलांड्याच्या दर तीन-साडेतीन इंचाला एक काडी, म्हणजे झाडाला चौदाच्या आसपास. जास्त ठेवायचा मोह होतो, पण गर्दीत ऊन आत जात नाही, आणि छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान डोळ्यात घड तयार होत असतो तेव्हा त्या काडीच्या बुडाशी ऊन पडलंच पाहिजे. याच काळात नत्र कमी, पाणी कमी, शेंडा थांबवलेला. ४५ दिवसांच्या आसपास पाचव्या पानाची देठं काढून तपासायला द्या, दुकानदार सांगेल ते खत टाकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

पावसाळ्यात काम कमी पण लक्ष जास्त. बगलफुटी काढत राहायच्या, शेंडे मारायचे, काडी पिकली का बघायची (बोटाने वाकवली तर कडक लागते आणि रंग तपकिरी) आणि बोर्डो मिश्रणाच्या (मोरचूद आणि चुना) फवारण्या. पानं ऑगस्टमध्येच गळाली तर ऑक्टोबरला घड बारीक निघतो, काही घड तर जिरून नुसत्या बाळ्या (वेलाचे तणावे) निघतात.

ऑक्टोबर छाटणी

छाटणीची तारीख म्हणजे या धंद्यातला सगळ्यात मोठा निर्णय. लवकर म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला घेतली तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर आणि फुलोऱ्यावर येतो. उशिरा, ऑक्टोबरच्या शेवटी घेतली तर माल मार्चच्या उन्हात पिकतो, साखर पळते पण आम्ल उतरतं, पीएच चढतो आणि वाईन पातळ लागते. २०१९ ला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस थांबलाच नाही, डावणीने (पानावर-घडावर येणारी बुरशी) आणि कुजीने बागांच्या बागा गेल्या, आणि २०२३ ला २६ नोव्हेंबरला निफाड तालुक्यात गारपीट झाली, त्यामुळे शंभर टक्के सुरक्षित तारीख अशी नाहीच. मी म्हणेन सगळी बाग एका तारखेला छाटू नका, दहा-बारा दिवसांच्या फरकाने दोन-तीन तुकडे करा. वायनरीला पण माल टप्प्याने आलेला चालतो, आणि घरच्या माणसांवर काम एकदम पडत नाही.

छाटणीच्या आधी काडीचे डोळे तपासून घ्या, प्रयोगशाळेत डोळा कापून घड कुठल्या डोळ्यात आहे ते सांगतात. वाईनच्या बऱ्याच जातींना बुडाच्या डोळ्यातच घड असतो म्हणून दोन-तीन डोळ्यांवर छाटतात, पण काडी जास्त जोमाची असेल तर घड वर सरकतो, तेव्हा रिपोर्ट बघूनच कात्री चालवा.

छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, आणि इथं मी हात जोडून सांगतो, ते काम करणाऱ्या माणसाने आदल्या दिवसापासून काम झाल्यावर पुढं आठवडाभर दारूचा थेंब घेऊ नये. हे औषध शरीरात दारू पचू देत नाही, तोंड लालबुंद होतं, छातीत धडधडतं, दम लागतो, माणूस दवाखान्यात जातो. पेस्टिंगला येणारी टोळी बऱ्याचदा पेठ-सुरगाण्याकडनं आलेली असते, दिवसभर काम करून संध्याकाळी कोणी घोटभर घेतली तर त्याला कळतही नाही काय झालं. सकाळी कामाला लावतानाच हे समजेल अशा भाषेत सांगा, रबरी हातमोजे द्या, बोटाने नाही तर स्पंज-ब्रशने लावायला सांगा. हातमोजे देऊन पण ते काढून ठेवतात, लक्ष ठेवावं लागतं, ते मालकाचंच काम आहे.

फुटीपासून पाणी उतरेपर्यंत

पहिले पन्नास दिवस डावणीचे. रात्री पाऊस किंवा जड दव पडलं की सकाळी ओळीत शिरून पानं उलटीसुलटी करायची. वरून तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग आणि त्याच जागी खाली पांढरी बुरशी दिसली तर ती डावणी, तिथनं घडावर जायला दोन दिवस पुरतात. हवा कोरडी, ढगाळ झाली की भुरी चालू होते, मण्यावर राखेसारखी. पिठ्या ढेकूण खोडाच्या सालीखाली बसलेला असतो, तो घडात शिरल्यावर औषध पोचत नाही, म्हणून साल सोलून खोड धुवायचं काम छाटणीच्या वेळीच करा, शिवाय लीफरोलचा व्हायरस एका झाडावरनं दुसऱ्यावर नेतो तो हाच. बाकी उडद्या, फुलकिडे, तुडतुडे खायच्या बागेसारखेच.

औषधात एक मोठा फरक आहे. भुरीसाठी गंधक स्वस्त आणि चांगलं, पण मणी रंगायला लागल्यावर गंधक मारलं तर ते सालीवर राहून टाकीत जातं आणि वाईनला सडक्या अंड्याचा वास येतो. उशिरा मारलेला तांबायुक्त बोर्डो सोव्हिनिऑं ब्लांकचा तो खास पेरू-लिंबासारखा वास मारून टाकतो. खाण्याच्या बागेत शेवटच्या महिन्यात पोटॅशच्या फवारण्या मारतात गोडीसाठी, इथं त्या सवयीने मारू नका, रसात पोटॅश वाढलं की पीएच चढतो. जिब्रेलिक आम्लाचे डिप तर नाहीतच. प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व काळ (फवारणी आणि काढणीत किती दिवस सोडायचे तो) वहीत शेजारी लिहा आणि वायनरीने दिलेल्या यादीबाहेरचं काही मारायच्या आधी त्यांना फोन करा.

आता माल किती धरायचा. झाडाला चौदा काड्या, काडीला दोन घड, शिराझचा घड सव्वाशे ग्रॅमचा धरला तर झाडाला साडेतीन किलो, तेराशे झाडांचे साडेचार टन. हेच गणित तुमच्या घडाच्या वजनावर मांडा आणि मणी हरभऱ्याएवढा झाला की जास्तीचे घड, काडी बारीक असेल तर दुसरा घड, सगळे खाली पाडा. प्रत्येक काडीवर बारा ते पंधरा चांगली पानं पाहिजेत, तेवढी नसतील तर तो घड पिकणार नाही, नुसता लटकून राहील.

पानं काढायची पूर्वेच्या बाजूनेच, घडाच्या भोवतालची दोन-तीन. सकाळचं कोवळं ऊन घडाला लागतं, दव लवकर सुकतं. पश्चिमेची पानं तशीच ठेवा, फेब्रुवारीत दुपारी तीनचं ऊन काळ्या मण्यावर पडलं की मणी शिजतो, सुरकुततो, आणि त्याची चव टाकीत लागते.

पाणी मण्यात उतरलं, म्हणजे मणी मऊ पडून रंगायला लागला, की ठिबकचं पाणी कमी करा. बंद नाही, कमी. दुपारी शेंडा जरा मलूल दिसला तरी सकाळी ताजा असेल तर ठीक आहे. सकाळी पण मलूल असेल तर पाणी द्या, खालची पानं पिवळी पडेपर्यंत ताणलं तर साखर थांबते. आणि इथनं पुढं पक्ष्यांची जाळी, साळुंक्यांना ब्रिक्स आपल्या आधी कळतो.

पिकलं कधी म्हणायचं

व्हाइटला साधारण २० ते २२ ब्रिक्स, रेडला २२ ते २४, पीएच साडेतीनच्या आसपास (व्हाइटला थोडा कमी), आम्लता लिटरला सहा-सात ग्रॅम, आकडे वायनरीप्रमाणे थोडे इकडंतिकडं. नमुना नीट घ्या. ओळीच्या टोकाची झाडं सोडा, मधल्या झाडांचे, ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे, मधले, खालचे असे शंभर-दीडशे मणी पिशवीत घ्या, पिशवीतच चुरडा, मग रस रिफ्रॅक्टोमीटरवर (ब्रिक्स मोजायचं छोटं यंत्र) टाका. सगळ्यात काळेभोर मणी बघून तोडले तर ब्रिक्स दोनने जास्त येतो आणि काट्यावर तुम्हीच खोटे पडता.

नुसत्या मशीनवर जाऊ नका. मणी तोंडात टाका, गर आणि रस आधी गिळा, साल मागं ठेवा आणि ती दाढेखाली पंधरा-वीस वेळा चावा. कच्ची असेल तर जिभेवर हिरवट, गवतासारखी चव येते आणि हिरड्या करकरतात, पिकली असेल तर जांभूळ-मनुक्यासारखी लागते आणि तुरटपणा मऊ होतो. मग बी. हिरवी, चिवट असेल तर थांबा, तपकिरी होऊन दाढेखाली कडकन फुटली आणि भाजल्यासारखी लागली तर झालं. शेवटच्या पंधरवड्यात हे दर दोन दिवसांनी करायचं, घरातल्या दोघांनी वेगवेगळं करून मग बोलायचं. वायनरीचा माणूस येईल तेव्हा त्याच्याबरोबर ओळीत चाला आणि तो काय चाखतोय, कुठं थांबतोय ते बघा, एक-दोन हंगामात तुम्हाला त्याच्या आधी तारीख कळायला लागते.

काढणी

पहाटे चार-पाचला डोक्याला बॅटरी बांधून चालू करायची आणि नऊच्या आत शेवटचा क्रेट भरलेला पाहिजे. फळ गार असतं, रस गळत नाही, वाटेत आपोआप आंबायला लागत नाही. आदल्या दिवशी क्रेट धुवून, वाळवून ओळीत टाकून ठेवा. क्रेट १८-२० किलोच्या वर भरू नका, एकावर एक ठेवल्यावर वरच्याचं बूड खालच्या मण्यांना लागता कामा नये. कुजका, भुरीचा, सुकलेला घड तिथंच जमिनीवर, क्रेटात पानं-काड्या नकोत. द्राक्षं धुवायची अजिबात नाहीत. दव फार असेल तर थोडं थांबा, ओल्या घडाचं पाणी रसात जातं.

भरलेली गाडी सावलीत, ताडपत्रीखाली, आणि तीन-चार तासांच्या आत वायनरीत. घरचं एक माणूस गाडीबरोबर जाऊ द्या. काट्यावर वजन, ब्रिक्स, पीएच जे लिहितील त्याची पावती तिथंच घ्या, मोबाईलवर फोटो काढा, आपला रिफ्रॅक्टोमीटर खिशात ठेवा आणि फरक वाटला तर गाडी खाली व्हायच्या आधी बोला, माल टाकीत गेल्यावर बोलून उपयोग नसतो.

आपलीच वाईन करायची का, हे सगळे विचारतात. एक टन द्राक्षाची साधारण सहाशे ते सातशे लिटर वाईन होते, म्हणजे आठशे-नऊशे बाटल्या, ऐकायला छान वाटतं. पण राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय घरी वाईन करणं गुन्हा आहे, हौस म्हणून ड्रमात केली तरी. आणि परवाना, टाक्या, गार ठेवायची यंत्रणा, बाटल्या, लेबल, विक्री हा पूर्ण वेगळा धंदा आहे. आधी चार-पाच हंगाम चांगला माल घाला, तुमच्या ओळीतल्या द्राक्षाची वाईन वेगळी टाकीत करून चाखायला द्या म्हणून वायनरीला विनंती करा, मग ठरवा.

काढणी झाल्यावर लगेच बागेला पाणी द्या, मुळं ताणावर असतात. मग निवांत वेळ काढून ओळीओळीतनं फिरा, मेलेली झाडं मोजा, खोडातनं भुसा पडलेला दिसला तर ती खोडकीड, तिथंच तारेने काढून औषध भरा, लीफरोलसारख्या वळलेल्या पानांच्या झाडांना लाल रिबन बांधा म्हणजे त्यांची काडी पुढं कोणी कलमाला नेणार नाही. गॅप किती, कुठल्या ओळीत, ते वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या लागवडीच्या हंगामासाठी तेवढे खुंट एप्रिल छाटणीच्या आधीच नर्सरीत सांगून ठेवा.